पलीकडं कोण हाय?

आमच्या घराची किल्ली कुठं असते हे मी एका अनोळखी माणसाला स्वतःच्या हातानं टाइप करून कळवलं आणि खाली ‘आपला नम्र’ म्हणून नावही घातलं. ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. पण मन्मथअप्पांची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण आमची खरी ओळख त्याच दिवशी झाली.

तेव्हा मी नेकनूरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. गावात इंटरनेट नुकतंच येऊन पोचलं होतं, तेही सबंध गावात नव्हे. अप्पांच्या एसटीडी बूथमध्ये दोन कॉम्प्युटर बसले होते, तेवढंच. मला कविता करायची जुनी खोड. ऐकणारं मात्र कोणी नाही. आमच्या सुमननं लग्नानंतर पहिलं वर्षभर ऐकल्या, मग मी वही उघडली की तिला दळण आठवायला लागलं. अशात त्या कॉम्प्युटरवर मला पुण्याचे एक रसिक भेटले. निवृत्त प्राचार्य. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, पण काय लिहायचे! माझ्या प्रत्येक कवितेला दोनदा ‘वा’. माझ्या कवितेला दोनदा ‘वा’ म्हणणारा माणूस खरा असेल का, ही शंका सुमनला लगेच आली असती. मला आली नाही.

महिनाभरात प्राचार्यांनी माझी शाळा, माझा पगाराचा दिवस, घरात माणसं किती, सगळं आपुलकीनं विचारून घेतलं. मग एक दिवस लिहिलं, ‘तुमच्यासाठी पुस्तकं पाठवतोय, माझा माणूस त्या बाजूला येणार आहे. घरी कधी असता?’ मी ताबडतोब कळवलं : ‘येत्या चतुर्थीला आम्ही सगळे लिंबागणेशला पुतण्याच्या जावळाला जातोय. पण काळजी नसावी. दाराच्या डाव्या हाताला दिवळी आहे, तीत लोणच्याची फुटकी बरणी, बरणीमागं किल्ली. पुस्तकं आत ठेवून कुलूप लावावं. आपला नम्र.’

जावळ उरकून दुपारच्या एसटीनं आम्ही परत आलो, तर आमच्या ओट्यावर मन्मथअप्पा बसलेले. पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि करंगळीत आमची किल्ली.

“या सर,” ते म्हणाले. “सकाळपासून राखण करतोय. किल्लीची जागा मला ठाऊक झाली, म्हणल्यावर जिम्मेदारी आली न.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी म्हंजे? तुमीच. आपला नम्र.”

मला कळायला जरा वेळ लागला. सुमनला लागला नाही. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दिवळीकडं बघितलं.

“ते प्राचार्य…” मी म्हणालो.

“मीच. तुमी पहिल्या मशीनवर बसायचे, मी गोणपाटाच्या पडद्यापलीकडं दुसऱ्यावर. महिनाभर एका बोटानं टाइप करून करून बोट सुजलं सर.” त्यांनी बोट दाखवलं. “एवढं सगळं सांगितलं तुमी. पण पलीकडं कोण हाय, हे इचारलं का एकदा तरी?”

मला राहवलं नाही म्हणून विचारलं, “आणि त्या कविता? ते ‘वा’?”

अप्पांनी नजर चुकवली. “कुलूप काढून बघा सर, सामान ठीक हाय का.”

सुमननं किल्ली घेतली आणि कनवटीला लावली. “माय, तुझा काय दोष न्हाई,” अप्पा तिला म्हणाले आणि चालू लागले. त्या दिवसापासून किल्ली तिच्या कनवटीलाच. मला माझ्या घरात शिरायचं तर आधी तिला शोधावं लागे.

मन्मथअप्पा साठीचे. पूर्वी किराणा होता, मग गावात टेलिफोनची लाइन आली तेव्हा त्यांनी किराणा भाच्याला देऊन बूथ टाकला. लाकडी चौकट, तिन्ही बाजूंनी काच, आत एक स्टूल, फोन आणि लाल आकड्यांचं मीटर. पुढं कॉम्प्युटर आणले. पण लाइन एकच. म्हणून इंटरनेट लावायचं झालं की बूथमधल्या फोनची वायर उपटायची आणि मशीनला खोचायची. दारात एक पाटी टांगलेली होती. एका अंगाला ‘फोन चालू, नेट बंद’, दुसऱ्या अंगाला ‘नेट चालू, फोन बंद’. दिवसातून दहा वेळा पाटी उलटायची. म्हैस आटली म्हणून बीडच्या डॉक्टरला फोन करायला आलेला माणूस पाटी बघून दारात बसून राही, आणि आत पोरं अमेरिकेतल्या कुणाला तरी ‘जेवलास का’ विचारत असत.

‘पलीकडं कोण हाय?’ हा त्यांचा ध्यास होता. पाकीट आलं की आधी उलटं करून पाठवणाराचं नाव. लग्नपत्रिका आली की ‘आपले विनीत’पासून वर वाचत जाणार. पारावर कोणी म्हणालं, ‘अप्पा, उद्यापास्नं मीठ मिळनार न्हाई म्हणं,’ की अप्पा शांतपणे विचारणार, “तुला कोण म्हणलं?” “सलीमभाई.” “सलीमभाईला कोण म्हणलं?” असं करत करत ते चार घरं मागं जात, आणि अफवा जिथून निघाली त्या माणसाला गाठून चहा पाजून येत. एकदा त्यांच्या स्वतःच्या साडूनं दार वाजवलं. अप्पांनी आतून विचारलं, “पलीकडं कोण हाय?” साडू चिडून म्हणाला, “मी हाय!” अप्पा म्हणाले, “मी तर मीबी हाय. तू कोण?” साडू तसाच परत नेकनूरच्या स्टँडवर गेला.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं.

“दहा वर्सं काचंबाहेर बसलो सर. आत गेलेला माणूस दार लावून घेतो अन समजतो, आपुन एकलेच. मग बोलतो. जमिनीचं बोलतो, सुनंचं बोलतो, रडतो, शिव्या देतो. आता काच आरपार असती का न्हाई? मला समदं ऐकू येतंय, दारातल्या गिऱ्हाइकाला ऐकू येतंय. म्या कधी कोनाचं बाहेर काढलं न्हाई. पन समदे माझ्यासारखे असतील कशावरून? हे मशीन म्हंजे तेच हाय. काचंचीच खोली. फक्त काच दिसत न्हाई.”

मी बी.एड. केलेला माणूस. पण इतक्या सोप्या शब्दांत मला एकही धडा कधी शिकवता आला नव्हता. मी त्या दिवशी अप्पांपुढं मनातल्या मनात खडू खाली ठेवला.

संध्याकाळी सहा ते सात हा ‘पोरांचा तास’. आठवी ते अकरावीची मुलंमुली. मशीनवर बसायच्या आधी रजिस्टरात स्वतःच्या हातानं नाव, वेळ. मग अप्पांचा पाच मिनिटांचा धडा, मग मशीन. धडे त्यांचे स्वतःचे. पासवर्ड शिकवताना ते सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातल्या इष्टलिंगाची दोरी दाखवत. “हे माझ्या गळ्यात हाय. झोपताना हाय, आंघोळीला हाय. सख्ख्या भावानं मागितलं तरी काढून देनार न्हाई. पासवर्ड असाच. जीवलग मित्र हाय म्हणून देतो म्हणशील, तर मग तो तुझा न्हाई, दोघांचा झाला.”

‘हे पत्र दहा जणांना पाठवा, नाहीतर सात दिवसांत संकट येईल’ अशी पत्रं तेव्हा फार फिरायची. पोरी घाबरायच्या. पूर्वी अशी पोस्टकार्डं येत, तेव्हा आमच्या आईनंही घाबरून कार्डं लिहिली होती. अप्पांनी फर्मान काढलं : “भ्यायचं न्हाई अन पुढं ढकलायचं न्हाई. तुमचं तुमचं संकट माझ्या नावावर पाठवून द्या.” पोरांनी पाठवली. वर्षभरात शेकडो संकटं अप्पांच्या पत्त्यावर जमा झाली. अप्पांना साधी सर्दी झाली नाही.

आणि परीक्षा. ती माझी झाली तशीच सगळ्यांची व्हायची. गोणपाटाच्या पलीकडं बसून अप्पा ‘पुण्याचा अमोल, वय सतरा’ व्हायचे. आईबापांना आधी सांगून ठेवलेलं असे; पोरांना पत्ता नसे. इरफाननं अमोलला सांगितलं, ‘माझे अब्बा नऊच्या गाडीनं बीडला जातात, मग घरी फक्त अम्मी.’ दुसऱ्या दिवशी सव्वानऊला अप्पा त्याच्या दारात : “इरफान हाय का? मी अमोल.” इरफाननं त्यानंतर आठ दिवस दोन्ही मशीनच्या खाली वाकून बघितल्याशिवाय एक अक्षर टाइप केलं नाही.

जो पास होई त्याला बक्षीस म्हणून अप्पा एक छोटं पितळी कुलूप देत. वर्षभरात एकच गेलं. आमच्या लेकीला, स्वातीला. अकरावी सायन्सला होती. अमोलनं गोड बोलून नाव विचारलं, गाव विचारलं, फोटो मागितला. स्वातीनं शेवटी एकच ओळ टाइप केली : ‘पलीकडं कोण हाय?’ गोणपाटामागून अप्पांच्या टाळ्या ऐकू आल्या. ती कुलूप घेऊन नाचत घरी आली आणि दप्तराला लावून शाळेत गेली. सुमन मला म्हणाली, “बापावर गेली न्हाई, तेवढं बरं झालं.”

अप्पांच्या दिनक्रमातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रोज साडेसहाला, पोरांच्या ऐन तासात, ते उठत. टोपी काढून हातात घेत, बूथमध्ये जात, दार लावून घेत आणि रिसीव्हर कानाला लावून पाच मिनिटं बोलत. काचेतून तुकडे ऐकू येत. “लसनाची चटनी संपली… न्हाई न्हाई, इकतची न्हाई गोड लागत… गुडघं कसं हाय?… तू नको येऊ कपिलधारच्या यात्रेला, मीच जाऊन येतो…” काकू माहेरी, नाहीतर कुठं दवाखान्यात असाव्यात, असं मी धरून चाललो होतो. तीन वर्षं मी त्या दुकानात बसलो. कधी विचारलं नाही. चौकशी करायचा स्वभाव अप्पांचा. मी आपला ‘वा’ ऐकणारा.

त्या वर्षी थंडीत एक दिवस स्वाती शाळेतून आली आणि न जेवता पांघरूण घेऊन पडली. सुमननं दप्तर उघडलं. त्यात चार घड्या घातलेला एक कागद होता. बीडला कुठंतरी प्रिंट काढलेला. वर पाठवणाराच्या जागी स्वातीचं नाव, आडनावासकट. खाली वर्गातल्या एका मुलाला लिहिलेलं पत्र. त्यातला मजकूर मी इथं देणार नाही. तिनं तो लिहिलेला नव्हता. तिच्या नावानं कोणीतरी ई-मेलची खोटी पेटी उघडली होती आणि पत्र पाठवून, वर त्याची छापील प्रत बाकांखालून फिरवली होती.

हातानं लिहिलेलं असतं तर अक्षर तरी दाखवता आलं असतं. पण छापलेलं! छापलेलं खोटं असतं यावर तेव्हा गावात कोणाचाच विश्वास नव्हता.

पोरीचा जीव कशात अडकला होता ते मला ठाऊक होतं. माझे थोरले बंधू लिंबागणेशला. घरातला शब्द त्यांचा. त्यांच्याकडं एक स्थळ येऊन पडलं होतं आणि ‘पोरगी हुशार हाय, शिकू द्या’ एवढ्या एका वाक्यावर मी ते वर्षभर थोपवलं होतं. दादा दर बाजाराला नेकनूरला येत. कागद त्यांच्या कानावर गेला की शाळा बंद आणि मांडव उभा. बाजाराला चार दिवस होते.

मी छडी घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. तिथं लक्षात आलं, मारायचं कोणाला तेच माहीत नाही. छडी घेऊन तसाच अप्पांकडं गेलो.

अप्पांनी कागद वाचला नाही. वरची तारीख आणि वेळ तेवढी बघितली, रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. “सात पोरं व्हती तवा. दोन मशीनवर सात. तुमच्याच वर्गातली.” मग रजिस्टर मिटून बाजूला सारलं.

“सर, चूक माझी हाय.”

“तुमची कशी?”

“पोरींना कुलूप लावायला शिकवलं म्या. लाव पोरी, घट्ट लाव. तिनं लावलं. पास झाली. मग बी तिच्याच दारावर घाण आली. कावून? दुसऱ्याच्या दाराशी कसं वागायचं, हे पोरांना म्या एक दिवस शिकवलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्यांनी त्या सात जणांना बोलावलं. मला कोपऱ्यात एका खोक्यावर बसवलं. “तुमी बोलायचं न्हाई. छडी माझ्याकडं द्या.” छडी त्यांनी गोणपाटामागं ठेवून दिली. दुसऱ्या मशीनवर इरफान नेहमीप्रमाणे बसला होता.

“आज तोंडी परीक्षा हाय,” अप्पा पोरांना म्हणाले. कागद पुढं धरला. “एकेकानं आत जायचं, दार लावायचं, फोन कानाला लावायचा, अन हे पयल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. म्या नंबर लावून ठेवलाय. पलीकडं कोण हाय, हे सांगनार न्हाई.”

“आमी न्हाई लिहिलं अप्पा,” एक जण म्हणाला.

“कोणी लिहिलं हे म्या इचारलं का बे? लिहिनारा एक. पोचवनारे बाकीचे. ज्याला दुसऱ्यानं लिहिलेलं वाटता येतं, त्याला वाचताबी आलं पाहिजे. चल.”

पहिला बालाजी. हसत आत गेला. रिसीव्हर उचलला, कागद उघडला, तोंड उघडलं. तोंडातून काही येईना. काचेतून त्यानं आमच्याकडं बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. पलीकडून आवाज येत नव्हता. म्हणजे कोणीतरी ऐकत होतं. त्यानं रिसीव्हर ठेवला आणि मान खाली घालून बाहेर आला. दुसरा आणि तिसरा तसेच. चौथ्यानं दारातच विचारलं, “अप्पा, पलीकडं माझी आई हाय का?”

“तुझी असली काय अन ह्या कागदातल्या पोरीची असली काय? आईच न?”

तो आत गेलाच नाही.

पाचवा विशाल. माझा सगळ्यात लाडका विद्यार्थी. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतला कप त्यानं आणला होता; भाषण मी लिहून दिलेलं. तो आत गेला, ताठ उभा राहिला, ‘प्रिय’ एवढा एक शब्द म्हणाला, आणि रडायला लागला. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून तो पलीकडच्या कोणाला तरी सांगत होता, “तिनं न्हाई लिहिलं. मी लिहिलं. मीच. तिला कुलूप भेटलं अन आमी समदे नापास झालो… म्हणून.”

काच आरपार होती. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

मला वाटलं, आता अप्पा ओरडतील. त्यांनी माठातलं पाणी आणून त्याला दिलं. “गेलेलं वापस येत न्हाई,” ते सातही जणांना म्हणाले. “पन त्याच्या मागं मागं जाता येतं. कोनाकोनाला कागद दिला, त्याच्या दारात जायचं, अन ‘हे खोटं हाय, आमीच केलं’ म्हणून मागून आनायचा. मशीनवरून ज्याला ज्याला गेलं त्याला स्वतःच्या नावानं कळवायचं. स्वतःच्या. अन विशाल, बाजाराच्या दिवशी तू इथं पायजे.”

तीन दिवसांत अकरा कागद परत आले. अप्पांनी ते बादलीत भिजत घालून त्यांचा लगदा केला.

बाजाराच्या दिवशी दादा आले ते तोंड काळवंडूनच. कानावर गेलं होतं. मी काही बोलायच्या आत अप्पांनी त्यांना खुर्ची दिली आणि विशालला पुढं उभं केलं. पोरगं बोललं. सगळं, स्वतःचं नाव घेऊन. भर बाजारातली माणसं दारात थांबून ऐकत होती.

दादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कोणाचा बे तू?”

विशालनं बापाचं नाव सांगितलं.

“बापाचं नाव सांगायची हिंमत तरी ठेवलीस.” मग दादा माझ्याकडं वळले. “पोरगी बारावी होऊ दे. पुढचं पुढं बघू.”

मी घरी धावत आलो. सुमननं ऐकलं आणि चुलीकडं तोंड फिरवलं. स्वाती उठली, दोन भाकरी खाल्ल्या आणि फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली. पुढचं पुढं तिनं स्वतःच बघितलं.

संध्याकाळी अप्पांना दोन शब्द बोलावेत म्हणून गेलो. पोरांचा तास चालू होता. पाटी ‘नेट चालू’कडं वळलेली. शब्द काही सुचेनात, कवीचं असंच होतं. म्हणून दुसरंच विचारलं.

“अप्पा, त्या दिवशी नंबर कोणाचा लावला होता? विशाल कोणाशी बोलला?”

अप्पा बोळकं उघडून हसले. “कोनाशीच न्हाई. नेट चालू व्हतं न सर. वायर मशीनला. बूथचा फोन मेलेला.”

“पण ती पोरं रोज ती वायर बघतात! मीही बघतो!”

“भ्यालेल्या मानसाला वायर दिसत न्हाई.”

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. काय हा माणूस! शाळेत न शिकलेला, एका बोटानं टाइप करणारा, आणि मेलेल्या फोनवर सात पोरांना माणसात आणणारा.

भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा झाले. अप्पा उठले. टोपी काढून हातात घेतली, बूथमध्ये गेले, दार लावून घेतलं आणि रिसीव्हर कानाला लावला.

“झालं बरं का,” काचेतून ऐकू आलं. “सरांचा भाऊ मानला. पोरीची शाळा वाचली… व्हय, रडलं पोरगं… तुझं गुडघं कसं हाय?”

मी वायरीकडं बघितलं. ती मशीनला होती. मीटरचे लाल आकडे विझलेले होते.

मी चपला हातात घेऊन, आवाज न करता बाहेर पडलो.

घरी आलो. स्वाती मैत्रिणीकडं गेली होती. सुमनला सगळं सांगितलं. पाटी, वायर, आकडे, गुडघे. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

“अवो, त्या काकू जाऊन सहा वर्सं झाली. गुडघ्याच्या आपरेशनला नेलं ते परत न्हाई आणल्या. मूलबाळ न्हाई. समद्या गावाला ठाऊक हाय. तुमाला न्हाई?”

मी ‘नाही’ म्हणालो. तिनं हात धुतले, पुसले, कनवटीची किल्ली काढली आणि बाहेर गेली. दिवळीतली फुटकी बरणी सरकवल्याचा आवाज आला. परत येऊन तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली,

“उद्या सांगा अप्पांना, किल्ली जिथं होती तिथं हाय म्हणावं. आन फडताळात खालच्या फळीवर लसणाची चटणी हाय. आपुन घरी असू का नसू, त्यांनी यावं.”